बातमीचे बेणे : फोनमध्ये कोणते ॲप ठेवावे आणि पुढे काय पाठवावे



या पानावर आजवर आपण बेणे, खते, पाणी, पाचट आणि खोडवा यांविषयी बोलत आलो. या खेपेस विषय थोडा वेगळा घेतला आहे. ऊस विकास विभागाच्या माणसाने मोबाईलवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. परंतु अलीकडे आम्ही कोणत्याही गटात फिरावयास गेलो की बांधावर पहिला प्रश्न उसाचा निघत नाही. "साहेब, मोबाईलवर आलंय, ते खरं का?" असा निघतो. भाव, पाऊस, अनुदान, नवी जात, कुठल्याशा औषधाने एकरी वाढलेले टनेज, सारे काही मोबाईलवर आलेले असते. आणि त्यावर विसंबून कोणी खत टाकतो, कोणी फवारणी करतो, कोणी पैसे घालवून बसतो. तेव्हा हा विषय शेतीचाच आहे.

बेणे आपण कसे निवडतो, ते प्रथम आठवू. मूलभूत बेणे संशोधन केंद्रावरून, म्हणजे पाडेगावहून किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून येते. त्यापासून पायाभूत बेणे होते आणि त्यापासून सभासदाच्या रानात प्रमाणित बेणेमळा. प्रत्येक पायरीवर कोणीतरी सरीतून फिरलेले असते, काणीचे आणि गवताळ वाढीचे बेट खणून काढलेले असते, आणि काही बिघडले तर कोणाला विचारायचे ते ठाऊक असते. उलट पाहुण्याच्या रानातून गाडीभर आणलेले बेणे दिसायला टवटवीत असते, डोळेही फुगीर असतात, पण कांडीच्या पोटात काय आहे ते लागण उगवल्याशिवाय कळत नाही. बातमीचेही तसेच आहे. ती कोठून निघाली, वाटेत कोणी तपासली आणि खोटी निघाल्यास जबाबदार कोण, या तीन गोष्टी ज्या ॲपमध्ये कळतात ते ॲप फोनमध्ये ठेवण्याजोगे. बाकीची करमणुकीसाठी ठेवायला आमची हरकत नाही, पण त्यांच्यावर शेती करू नये.

या दृष्टीने पाहिले तर ॲपचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार स्वतः बातमी देणाऱ्यांचा. वर्तमानपत्राचे स्वतःचे ॲप किंवा आकाशवाणीचे 'न्यूज ऑन एअर' यांत बातमीदार असतो, संपादक असतो, चूक झाली तर खुलासा छापावा लागतो. शेतीपुरते बोलायचे तर 'ॲग्रोवन' हे शेतीला वाहिलेले दैनिक २००५ सालापासून निघते आहे आणि ते फोनवरही वाचता येते. आकाशवाणीचा आणखी एक फायदा असा की, दारे धरताना, वैरण काढताना कानाने ऐकता येते, डोळे आणि हात मोकळे राहतात. घरातील वडीलधाऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांनाही हेच बरे.

दुसरा प्रकार दुसऱ्यांच्या बातम्या गोळा करून दाखविणाऱ्यांचा. डेलीहंट, गूगल न्यूज ही त्या जातीची. ती स्वतः बातमी लिहीत नाहीत, ठिकठिकाणची आणून एका पानावर मांडतात. मराठीत भरपूर मिळते, ही त्यांची सोय. पण त्यांची एक खोड ध्यानात ठेवावी. आपण ज्या मथळ्यावर बोट ठेवू त्याच वाणाचे आणखी दहा मथळे ती समोर आणतात. उसाला अमुक हजार भाव, अशा मथळ्यावर एकदा बोट ठेवले की दुसऱ्या दिवशी सगळीकडे भावच भाव दिसू लागतो आणि आपल्याला वाटते की सारा महाराष्ट्र त्याच गोष्टीवर बोलतो आहे. तसे नसते. मथळ्याखाली बारीक अक्षरात मूळ वर्तमानपत्राचे नाव आणि वेळ दिलेली असते, ती आधी वाचावी व मग मथळा वाचावा. नाव ओळखीचे नसेल तर पुढे जावे.

तिसरा प्रकार टपालपेटीसारखा : व्हॉट्सॲप, फेसबुक, टेलिग्राम, यूट्यूब. पेटीत कोण काय टाकील याचा नेम नाही. निमंत्रणपत्रिकाही त्यात येते आणि निनावी चिठ्ठीही. पेटी वाईट नव्हे, पण पेटीतून आले म्हणून पत्र खरे असे कोणी मानत नाही. गंमत अशी की फोनच्या बाबतीत आपण नेमके तेच मानतो, कारण वर नाव मेहुण्याचे किंवा सरपंचांचे दिसते. मेहुण्याने फक्त पाठविलेले असते. लिहिणारा कोण, ते त्यालाही ठाऊक नसते.

आता एक-दोन उदाहरणे आकड्यानिशी घेऊ. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के मूळ उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. त्यावर उताऱ्यात दर ०.१ टक्का वाढीस क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे वाढ. एखाद्या कारखान्याचा उतारा ११.२५ टक्के असेल तर दहा वेळा ३.४६ म्हणजे ३४ रुपये ६० पैसे वाढून क्विंटलला ३८९ रुपये ६० पैसे, टनाला ३,८९६ रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. आता मथळ्यात कधी ३,५५० येते, कधी ३,८९६ येते, तर कधी तोडणी-वाहतूक वजा जाता हातात पडणारी रक्कम येते. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे. पण शेजारच्या कारखान्याचा वजावटीआधीचा आकडा आणि आपला वजावटीनंतरचा आकडा समोरासमोर ठेवून ग्रुपवर भांडण पेटते, ते बिनबुडाचे असते. भावाचा आकडा वाचताना उतारा किती, तो कोणत्या हंगामाचा, आणि तोडणी-वाहतूक धरून की वगळून, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळत नसेल तर तो आकडा कोणाला पाठवू नये. आणि कारखान्याकडून कमी मिळाले असे हिशेबाने दिसत असेल तर जरूर विचारावे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज, हे ऊस नियंत्रण आदेश १९६६ मध्येच लिहिले आहे. तो सभासदाचा हक्क आहे.

दुसरे उदाहरण तारखेचे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून व पाकापासून इथेनॉल करण्यास त्या वर्षापुरती मनाई केली. गाळप ऐन भरात होते. १५ डिसेंबरला तोच निर्णय सैल करून १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस आणि बी-हेवी मळी वापरण्यास मुभा दिली. पुढे २९ ऑगस्ट २०२४ रोजी २०२४-२५ या इथेनॉल वर्षासाठी बंदीच उठविली. म्हणजे 'इथेनॉलवर बंदी' हा मथळा आठ दिवस पूर्ण खरा होता, नंतर अर्धा खरा राहिला, आणि वर्षाच्या आत खोटा झाला. असा मथळा फोटो काढून पाठविला की तारीख गळून पडते आणि तो फिरतच राहतो. यासाठी बातमीचा नुसता फोटो आला तर मूळ वर्तमानपत्राच्या ॲपमध्ये जाऊन तोच मथळा शोधावा. दोन मिनिटांचे काम आहे. सरकारी योजनेविषयी असेल तर पत्र सूचना कार्यालयाचा फॅक्ट चेक विभाग केंद्र सरकारविषयीच्या खोट्या संदेशांचा खुलासा करीत असतो, तेथे पाहावे.

हवामानासाठी फार शोधाशोध करावयास नको. 'मेघदूत' हे ॲप २०१९ साली हवामान खाते, पुण्याची उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी मिळून काढले. त्यात जिल्हावार अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारचा पीक सल्ला मराठीतून मिळतो. पुण्याच्याच त्या संस्थेचे 'दामिनी' ॲप आपल्या जागेपासून २० व ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडण्याचा धोका दाखविते. वळवाच्या दिवसांत रानात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावेच, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

यूट्यूबविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. एकरी १२० टन, एकरी १५० टन असे व्हिडिओ सभासद आम्हाला दाखवितात. त्यातला एखादा खराही असतो. हाडाचे कष्टाळू शेतकरी आपल्या राज्यात आहेत. पण पाहताना काही गोष्टी विचाराव्यात. लागण कोणत्या हंगामाची? आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, सुरू बारा महिने. आडसालीचा ९६ टन आणि सुरूचा ७२ टन हे महिन्याच्या हिशेबाने सारखेच, सहा-सहा टन. व्हिडिओत हे सांगत नाहीत. दुसरे, संपूर्ण एकर तोडून वजनकाट्यावर घातला, की एका चांगल्या गुंठ्यातला ऊस मोजून चाळीसने गुणले? गुंठ्याची निवड करणाराच जर औषध विकणारा असेल तर गुणाकार किती मोठा येईल ते सांगावयास नको. तिसरे, शेवटी बाटली दिसते का आणि खाली फोन नंबर आहे का? असल्यास तो व्हिडिओ नव्हे, जाहिरात आहे. जाहिरात बघू नये असे नाही. ती जाहिरात म्हणून बघावी. ज्यांना व्हिडिओवरूनच शिकायचे आहे त्यांनी आपल्या जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ यांचे चॅनेल नोंदवून ठेवावेत. ते रंगतदार नसतात हे कबूल. संगीतही नसते. पण माती कोणती, पाणी किती, खताचा हप्ता कधी, हे त्यात सांगितलेले असते.

आता पैशाच्या धोक्याकडे येऊ. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एक फाईल येते. नावाच्या शेवटी टिंब आणि एपीके ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. 'हप्ता तपासा', 'केवायसी करा' असे काहीतरी वर लिहिलेले असते. अशा फायलींनी २०२४ आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रातील पुष्कळ शेतकऱ्यांची खाती रिकामी केली. ती फाईल म्हणजे ॲपच असते, पण दुकानातून न घेतलेले. दाबली की ती मेसेज वाचण्याची परवानगी मागते. परवानगी दिली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो, आणि तुमच्याच नावाने तीच फाईल तुमच्या सगळ्या ग्रुपांवर जाते. म्हणून ती पुष्कळदा अनोळखी नंबरावरून नव्हे, ओळखीच्या माणसाकडून येते. चोराला सर्वांत जास्त उपयोग या ओळखीचाच होतो. उसाचे बिल खात्यावर जमा होण्याच्या सुमारास तर विशेष जपले पाहिजे.

नियम सोपा आहे. कोणतेही ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्यावे, आणि तेथेही नावाखाली ते कोणी काढले ते वाचावे, कारण सरकारी नावासारखे नाव घेऊन बसलेली ॲप तेथेही असतात. ॲपने काय मागितले तेही बघावे. हवामानाचे ॲप गावाचे ठिकाण मागते हे रास्त. पण बातम्यांच्या ॲपला तुमचे मेसेज वाचण्याचे आणि तुमच्या ओळखीच्यांचे नंबर घेण्याचे काय कारण? मागत असेल तर काढून टाकावे. चुकून फाईल दाबली गेलीच तर लाजू नये, कोणाला सांगू नये असे करू नये. फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार द्यावी. पहिल्या तास-दोन तासांत केलेल्या तक्रारीत पैसे वाटेत अडविता येण्याची शक्यता जास्त असते. उद्या बघू म्हणणाऱ्याचे पैसे तोवर चार खात्यांतून पुढे गेलेले असतात.

व्हॉट्सॲपमध्ये दोन गोष्टी आजच करून घ्याव्यात. जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला सांगावे. सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली 'ग्रुप' असे आहे, तेथे 'माझे संपर्क' निवडावे, म्हणजे परका माणूस तुम्हाला शेअर बाजाराच्या नाहीतर लॉटरीच्या ग्रुपात ओढून नेणार नाही. आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरविणे बंद करावे. डेटाही वाचेल, फोनही भरणार नाही. गटाच्या सूचना देण्यासाठी ग्रुपपेक्षा आम्हाला चॅनेल बरा वाटतो. तो भारतात सप्टेंबर २०२३ पासून मिळतो. त्यात सूचना एका बाजूने येतात, आणि चॅनेल बघणाऱ्या इतरांना तुमचा नंबर दिसत नाही. ग्रुपच ठेवायचा असेल तर फक्त ॲडमिनने लिहावे अशी सोय करता येते. नाहीतर तोडणीची सूचना शुभ सकाळच्या फुलांखाली पुरली जाते.

यापुढचे लिहिणे जड आहे, पण टाळता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावाने त्यांना तेच समजून पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. पाचही जण. मुले पळविणारे तेथे कोणी नव्हते. संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात पोरांची काळजीच असणार. खून करावा असे त्यांच्या मनात आले नसेल. त्या वर्षी देशात अशा घटना ठिकठिकाणी घडल्यानंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो आणि त्यावर दुहेरी बाण दिसतो. दुहेरी बाण म्हणजे हे बेणे किती रानांतून फिरून आले ते कोणालाच ठाऊक नाही, एवढे समजावे.

हे आपल्याला लागू कसे, असे म्हणू नका. आपल्या कार्यक्षेत्रात गाळप हंगामात बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जळगाव अशा भागांतून टोळ्या येतात. सहा-सहा महिने कोप्या टाकून राहतात. पहाटे अंधारात ट्रॅक्टरवर, बैलगाडीवर ये-जा करतात, त्यांची मुले फडात असतात, बायका अनोळखी वस्तीवर पाणी मागतात. परका म्हणून संशय घ्यावा असे म्हटले तर आपला निम्मा हंगाम परक्या माणसांच्याच हातांवर चालतो. आपल्या ग्रुपात असा संदेश आला तर तो पुढे न पाठविणे एवढेच पुरे नाही. ॲडमिनने तो लगेच काढावा, आणि पोलीस पाटलांना किंवा ठाण्याला विचारून खरे काय ते त्याच ग्रुपात लिहावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये भीती किंवा वैर पसरविणारी अफवा रचणाराच नव्हे, तर ती फिरविणाराही येतो. पण कायद्याच्या धाकाने थांबावे असे आम्हाला म्हणायचे नाही. कोपीत झोपलेली पोरे आपल्या भरवशावर झोपलेली असतात.

सगळेच पाठविणे वाईट, असा मात्र अर्थ काढू नये. २००२ साली सांगली भागात लोकरी मावा दिसला तेव्हा पानाच्या मागच्या बाजूचा तो पांढरा कापूस काय आहे हे ओळखून गावोगाव कळेपर्यंत बराच काळ गेला. आज एका फोटोने ते काम तासाभरात होते. पण तो फोटो कोणाकडे जातो यावर सारे आहे. गावच्या ग्रुपात टाकला तर दहा जण दहा औषधे सांगतात. लोकरी माव्याच्या रानात डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस हे मित्रकीटक असतील, तर घाईची फवारणी आधी त्यांनाच मारते. खोडव्यात पाने पिवळी-पांढरी पडलेली दिसतात. चुनखडीच्या रानात ती लोहाची कमतरता असू शकते, तेथे हिराकस लागतो. पण गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे फुटून बेट झाले असेल तर ती गवताळ वाढ. तेथे हिराकस टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. ते बेट खणून जाळावेच लागते. दोन्हींचा जवळून काढलेला एका पानाचा फोटो जवळजवळ सारखा दिसतो.

म्हणून फोटो ग्रुपात न टाकता आपल्या गट ऑफिसच्या फोनवर पाठवावा आणि तीन काढावेत : एक सरीत उभे राहून संपूर्ण रानाचा, एक पूर्ण बेटाचा बुडख्यापासून शेंड्यापर्यंत, आणि एक पानाचा, वरून आणि खालून. उन्हाची तिरीप नको, फ्लॅश नको, सकाळचा मोकळा उजेड चांगला. सोबत गट नंबर, जात, लागणीची तारीख किंवा खोडवा कितवा, शेवटचे पाणी आणि शेवटचे खत कधी दिले, एवढे लिहावे. बोलून पाठविले तरी चालेल. हुमणीचे काम मात्र फोटोवर भागत नाही. झाड उपटून मुळाशी अळी सापडली तर थोड्या मातीसकट डबीत घालावी आणि चिटबॉयच्या हाती गट ऑफिसला पाठवून द्यावी.